व्यसन कुणाचे आणि छंद कुणाचा?

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी शिरूरच्या माझ्या दवाखान्यात एक शेतकरी आपल्या नववीतल्या मुलाला दंडाला धरूनच घेऊन आले. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याला मोबाईलचं व्यसन लागलंय. दारू सोडायची गोळी असते, तशी याचीबी काही असंल तर द्या. डोकं दुखतंय म्हणून शाळा बुडवतो आन् दिवसभर मोबाईल नाकाला लावून बसतो."

मुलगा खाली मान घालून उभा होता. मी वडिलांना जरा वेळ बाहेर बाकावर बसायला सांगितले आणि मुलाला विचारले, "रात्री किती वाजता झोपतोस?" "दहाला." "गेम खेळतोस का?" "खेळतो. तासभर. रविवारी जास्त." "आणि बाकीचा वेळ काय बघतोस?" हा प्रश्न ऐकला आणि पोराचा चेहरा उजळला. बंद पडलेला टेबलफॅन कंडेन्सर बदलून त्याने चालू केला होता. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कसा चालतो, ते मोबाईलवर पाहून वहीत त्याची आकृती काढली होती. कोणत्या कंपनीच्या फोनची बॅटरी किती टिकते, फवारणीचे ड्रोन किती लिटर औषध उचलते, सगळे तोंडपाठ. संध्याकाळी कबड्डी खेळतो, शाळेत मित्र आहेत, जेवण व्यवस्थित आहे.

मग मी त्याला भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभे केले. तिसऱ्या ओळीपुढे त्याला एक अक्षर वाचता येईना. शाळेत मागच्या बाकावर बसतो, फळा दिसत नाही, डोळे बारीक करून करून डोके दुखते. मोबाईल मात्र जवळ धरला की स्वच्छ दिसतो. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, दोन्ही डोळ्यांना उणे पावणेदोनचा नंबर निघाला. चष्मा आला, डोकेदुखी थांबली, शाळा सुरू झाली. ज्या मुलाला 'व्यसनी' ठरवून माझ्याकडे आणले होते, त्याला हवा होता तो एक चष्मा. आणि त्याने सहा महिने ऐकून घेतल्या त्या शिव्या.

हा प्रसंग मुद्दाम लिहिला. मोबाईल, गेम आणि इंटरनेट या तीन शब्दांभोवती आपल्याकडे इतकी भीती जमली आहे की, त्यापलीकडे पाहायला कुणी तयार नाही. पोटात दुखले, मोबाईल. मार्क कमी पडले, मोबाईल. उलट उत्तर दिले, मोबाईल. निदान आधीच ठरलेले असले म्हणजे तपासणी होत नाही, हा वैद्यकशास्त्रातला जुना धडा आहे.

खरे सांगायचे तर या यंत्रांची ओढ मलाही आहे. लहानपणी वडिलांचा रेडिओ उघडून मी मार खाल्लेला आहे. नव्वदच्या सुमारास व्हिडिओ गेमची दुकाने निघाली, तेव्हा खिशातली नाणी मीही तिथे घातली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ती बातमी वाचून हे प्रकरण काय असावे, याचा मी कितीतरी दिवस विचार करीत होतो. पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून एकेक पान उघडण्याची वाट पाहिली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपणच पोरांच्या हातात मोबाईल देऊन 'अभ्यास कर' म्हणून सांगितले. तेव्हा आज सगळा दोष पोरांच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही.

आता दुसरी हकीगत. आठवड्यातून एक दिवस मी दौंडला बसतो. तिथे एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण पित्ताच्या तक्रारीसाठी दोन-तीनदा येऊन गेला होता. कारखान्यात पाळीची नोकरी, लग्न झालेले, निर्व्यसनी, बोलायला नम्र. घरी सगळे म्हणत, "आमचा पोरगा कशात नाही." पित्ताच्या गोळ्यांनी बरे वाटेना. वजन चार किलोंनी घटले, छातीत धडधड होऊ लागली. चौथ्या वेळी मी दार लावून घेतले आणि विचारले, "बाबा रे, मनात काय चाललंय?" तेव्हा बांध फुटला. मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळता खेळता पगार गेला, मग बायकोचे डाग गहाण पडले, मग कर्ज देणाऱ्या ॲपवरून उचल केली. वसुलीवाले नातेवाइकांना फोन करण्याची धमकी देत होते. मी सरळच विचारले, "जीव द्यावा असं कधी वाटतं का?" तो म्हणाला, "रोज वाटतं, डॉक्टर."

असा प्रश्न विचारल्याने माणसाच्या मनात तो विचार येतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने त्याचे ओझे हलके होते आणि मदतीचा रस्ता उघडतो. त्याच्या पत्नीला आत बोलावले, दोघांशी बोललो, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्याला एकटे सोडायचे नाही, असे घरच्यांना बजावले. आज तो कामावर जातो आहे. कर्ज फिटायला वेळ लागेल, पण माणूस जागेवर आहे.

वाचकहो, या दोन घरांत काय घडले ते पाहा. एका घरी छंद होता, त्याला व्यसन म्हटले गेले. दुसऱ्या घरी व्यसन होते, ते कुणाला दिसलेच नाही, कारण तो मुलगा कमावता होता, शांत होता आणि मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसला तर 'दमून आलाय' म्हणून सगळे सोडून देत. आपली नजर चुकीच्या माणसावर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग छंद कोणता आणि आजार कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेमच्या विकाराचा समावेश केला. मे २०१९ मध्ये ती यादी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'किती तास' हा निकष नाही. निकष तीन आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे. जेवण, झोप, काम, नातीगोती यांच्यापेक्षा खेळच मोठा होणे. आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळ चालूच राहणे. हे साधारणपणे बारा महिने चालू असेल आणि त्यामुळे माणसाचे घर, शिक्षण किंवा नोकरी खरोखर कोलमडत असेल, तर तो विकार. यात बसणारी माणसे खेळणाऱ्यांपैकी थोडीच असतात. बाकीच्यांचा तो विरंगुळा आहे. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ही आजची पिढी पटाबरोबरच संगणकावरही सराव करते. २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत तर व्हिडिओ गेमला पदकेही होती. तेव्हा 'गेम म्हणजे वाया गेला' हे म्हणणे आता सोडून दिले पाहिजे.

घरच्या घरी ओळखायचे असेल तर तासांचा हिशेब करू नका. चार प्रश्न विचारा. झोप पुरती होते का? जेवणाच्या वेळी यंत्र बाजूला ठेवता येते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी, म्हणजे मित्र, खेळ, पाहुणेरावळे, अजून आवडतात का? आणि पैशांबाबत किंवा वेळेबाबत लपवाछपवी चालू झाली आहे का? पहिल्या तिन्हींना 'होय' आणि चौथ्याला 'नाही' असे उत्तर असेल, तर निर्धास्त राहा. शेवटच्या प्रश्नाला 'होय' आले, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

हे चार प्रश्न मी स्वतःलाही विचारले आणि नापास झालो. ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला मोबाईलवर बुद्धिबळ खेळायची सवय आहे. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात शेवटचा पेशंट म्हणून एक सत्तरीच्या आजी आल्या. टेबलावर डाव अर्धा राहिला होता आणि माझी नजर राहून राहून तिकडे जात होती. आजी सांगत होत्या आणि मी 'हं, हं' करीत होतो. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तेवढं खाली ठेव, मग माझी नाडी बघ." मी ओशाळलो. पुन्हा पहिल्यापासून विचारले, तेव्हा कळले की चढ चढताना त्यांची छाती भरून येत होती आणि ते दुखणे डाव्या जबड्यापर्यंत जात होते. कार्डिओग्राममध्ये दोष निघाला. आजी वेळेवर इस्पितळात पोचल्या आणि आजही बऱ्या आहेत. पण त्यांनी मला टोकले नसते, तर मी गॅसची गोळी लिहून दिली असती. त्या दिवसापासून दवाखान्यात माझा मोबाईल कपाटात असतो. तातडीचा फोन कंपाउंडर घेतो.

म्हणून म्हणतो, पोरांना शिकवण्याआधी आपण मोठ्यांनी आपले ताट पाहावे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाप जेवताना व्हिडिओ बघतो, आई मूल पाजताना फोन चाळते आणि दोघे मिळून पोराला म्हणतात, 'ठेव तो मोबाईल.' पोर ऐकणार कसे?

आता शरीराविषयी. सर्वांत मोठे नुकसान डोळ्यांचे होते, असा समज आहे. माझ्या मते पहिला क्रमांक झोपेचा. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य पाझरू लागते आणि झोपेची तयारी होते. डोळ्यांसमोर प्रखर पडदा धरला की ही तयारी लांबते. त्यात खेळाची चुरस किंवा कुणाशी झालेली वादावादी असली, म्हणजे मेंदू तापलेलाच राहतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा तास आणि मोठ्यांना किमान सात तास झोप हवी. आपल्या भागात हे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. रानात रात्रीची लाईट असते, म्हणून तरुण पोरे मोटार चालू करायला जागतात आणि वेळ घालवायला मोबाईल काढतात. रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत पाळ्या बदलतात. दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला जाणारे पहाटे उठतात आणि रात्री उशिरा अंथरुणाला पाठ टेकतात. यांची झोप आधीच तोकडी, तिच्यातून आणखी तास कापून देणे परवडत नाही. झोपेआधी एक तास मोबाईल दूर आणि रात्री त्याची जागा उशाखाली नव्हे तर दुसऱ्या खोलीत, एवढा नियम पाळा. गजरासाठी साधे घड्याळ आणा.

डोळ्यांचे म्हणाल, तर पडद्याकडे टक लावल्यावर पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडचे काहीतरी पाहावे. पण मुलांचा नंबर वाढण्याचे मुख्य कारण वेगळे आहे. सतत जवळचे पाहणे आणि दिवसाच्या उजेडात न जाणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबट होत जातो. बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. अगदी झाडाच्या सावलीतही तो पुरेसा असतो. तैवान देशाने २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाचे दोन तास उघड्यावर काढायला लावले आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू नजरेचे प्रमाण तिथे खाली येऊ लागले. औषध फुकट आहे, फक्त घराबाहेर पडायला हवे.

इथे शिरूरकर मला थांबवतील. "डॉक्टर, बाहेर खेळायला सांगता, पण बाहेर बिबट्या आहे त्याचं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. उसाच्या कडेला राहणाऱ्या आईने दिवस कलायला लागताच पोराला घरात घेतले आणि त्याच्या हाती मोबाईल दिला, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तिच्यासाठी मोबाईल हे पोराला जिवंत ठेवण्याचे साधन झाले आहे. म्हणूनच माझी मागणी पालकांपेक्षा शाळांकडे आणि ग्रामपंचायतींकडे आहे. संध्याकाळचे मैदान ज्या मुलांचे गेले, त्यांना ते दिवसाउजेडी शाळेत परत द्या. खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला देऊन टाकण्याची रीत बंद करा. मधल्या सुट्टीत मुले वर्गात बसवू नका. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाची नजर तपासा. त्यासाठी सहा मीटर जागा आणि अक्षरांचा एक तक्ता पुरतो. गुरुजींना हे अर्ध्या तासात शिकवता येते. शिरूरमधल्या कोणत्याही शाळेने बोलावले, तर मी स्वतः येऊन शिकवीन.

अगदी लहान मुलांबाबत मात्र तडजोड नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. मोबाईल दाखवून घास भरवणे ही सोय दिसते, पण त्यात मुलाला स्वतःची भूक कळेनाशी होते आणि बोलणेही मागे पडते. बाळ माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलायला शिकते.

एकट्या घराने ठरवलेला नियम टिकत नाही, गावाने ठरवलेला टिकतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक रीत पाडली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद राहतात. पोरे अभ्यासाला बसतात, मोठी माणसे आपसांत बोलतात. यात दंड महत्त्वाचा नाही. 'सगळ्यांचेच बंद आहे' ही भावना महत्त्वाची. पोराला मग आपल्यालाच शिक्षा झाली असे वाटत नाही. आपल्या तालुक्यात असा भोंगा एखाद्या गावाने वाजवून पाहायला काय हरकत आहे? दीड तास, जास्त नको. सगळ्या दिवसाची बंदी कुणी पाळत नाही.

राहता राहिला पैशांचा खेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आहे. खेळणाऱ्याला नाही. हे शहाणपणाचे झाले, कारण खेळणारा हा रोगी आहे. पण कायद्याने दुकान बंद होते, तलफ बंद होत नाही. ती चोरवाटा शोधते. ज्याला अशी सवय लागली आहे, त्याने लाजू नये. सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री-अपरात्रीही फोन लावता येतो, मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. कुणी ऑनलाईन फसवले असेल तर १९३० वर ताबडतोब कळवावे. आणि घरच्यांना एक विनंती. असा माणूस कबूल झाला तर त्याच क्षणी पैशांचा जाब विचारू नका. आधी त्याला जेवायला वाढा. हिशेब नंतर करता येतो.

मागच्या आठवड्यात तो चष्मेवाला मुलगा पुन्हा आला. या वेळी एकटाच, सायकलवर. दवाखान्यातला जुना वाफेचा यंत्रसंच बंद पडून पडला होता, तो त्याने पाहिला आणि विचारले, "सर, हा उघडून बघू का?" मी स्क्रू-ड्रायव्हर दिला. पंधरा मिनिटांत वायरीचा सुटलेला टाका त्याला सापडला. दुपारी त्याचे वडील फोनवर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याला तिथं उगं बसवून ठेवू नका, वेळ वाया घालवतंय." मी म्हटले, "पाटील, तुमच्या पोरानं आज माझे दोन हजार वाचवले. संध्याकाळी कबड्डीला पाठवा, रात्री दहाला झोपवा आणि बाकी त्याच्या छंदाला हात लावू नका."

गोळी मी तेव्हाही दिली नव्हती, आताही दिली नाही.